शस्त्रवैद्य लारे



गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या पटांगणावर एक लहानसा प्रसंग घडला. खेळतां खेळतां सातवीच्या वर्गांतील एक मुलगा व्हरांड्याच्या खिडकीवर आदळला, कांच फुटली आणि त्याच्या मनगटास खोल जखम झाली. पाहतां पाहतां पन्नास मुलें जमलीं. कोणी हळद आणावयास धांवला, कोणी मुख्याध्यापकांस बोलावण्यास गेला, कोणी त्यास पाणी पाजा म्हणूं लागला. आम्हीं शिक्षकांनींही, कबूल करण्यास लाज वाटते, पहिलीं दोन-तीन मिनिटें कोणाची गाडी न्यावयाची याच चर्चेंत घालविलीं. तेवढ्यांत शाळेचे वृद्ध शिपाई गर्दींतून पुढें आले. त्यांनीं खांद्यावरच्या पंच्याची घडी केली, ती जखमेवर घट्ट दाबून धरली, मुलाचा हात वर उचलला आणि दवाखाना येईपर्यंत ती पकड ढिली होऊं दिली नाहीं. मुलगा बरा झाला. परंतु ज्या दोन-तीन मिनिटांत आम्ही सुशिक्षित माणसें नुसतीं बोलत उभीं होतों, तीं मिनिटें आमच्या मनांतून अद्याप गेलीं नाहींत.

या प्रसंगानंतर आम्हांस एका फ्रेंच शस्त्रवैद्याच्या चरित्राची वारंवार आठवण होऊं लागली. जखमी माणसाकडे वैद्यानें धांवत गेलें पाहिजे, जखमी माणूस वैद्याकडे येईल म्हणून वाट पाहत बसूं नये, ही आज अगदीं साधी वाटणारी गोष्ट ज्यानें प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलांत आणली, तो हा पुरुष होय. त्याचें नांव दोमिनिक झां लारे. त्याची हकीकत आम्ही यंदाच्या अंकांत आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

लारेचा जन्म इ. स. १७६६ च्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस, फ्रान्स व स्पेन या देशांमधील पिरेनीज पर्वताच्या कुशींत, बोदेआं नांवाच्या लहानशा खेड्यांत झाला. बाप चांभारकाम करून पोट भरीत असे. लारे तेरा वर्षांचा झाला न झाला तोंच पितृछत्र हरपलें. त्याचा आलेक्सी नांवाचा एक चुलता तुलूज शहरीं शस्त्रवैद्य होता. त्यानें या पोरक्या पुतण्यास आपल्याकडे घेतलें व आपली विद्या शिकविली. त्या काळीं शस्त्रवैद्यक ही ग्रंथांतून शिकण्याची विद्या नसून गुरूच्या हाताखालीं राबून शिकण्याची कला होती. लारेनें कित्येक वर्षें चुलत्याजवळ उमेदवारी केली व पुढें अधिक शिक्षणासाठीं तो पॅरिसला गेला.

कांहीं काळ त्यानें आरमारांतही नोकरी केली. एका लढाऊ जहाजावर शस्त्रवैद्य म्हणून तो उत्तर अमेरिकेजवळच्या न्यूफाउंडलंड बेटाकडे जाऊन आला. परंतु समुद्र त्याच्या प्रकृतीस मानवला नाहीं. परत आल्यावर पॅरिसच्या ओतेल-द्यू या प्राचीन रुग्णालयांत देसो नांवाच्या विख्यात शस्त्रवैद्याच्या हाताखालीं त्यानें आपलें ज्ञान पक्कें केलें. इतक्यांत इ. स. १७८९ सालची राज्यक्रांति झाली, आणि तीन वर्षांनीं फ्रान्सचें शेजारच्या राष्ट्रांशीं युद्ध जुंपलें. लारे ऱ्हाईन नदीवरील फौजेंत दाखल झाला. त्या वेळीं त्याचें वय सव्वीस वर्षांचें होतें.

येथें त्यानें जें पाहिलें, त्यानें त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. त्या काळच्या नियमाप्रमाणें लष्करी दवाखान्याच्या गाड्या लढाईच्या जागेपासून एक लीग, म्हणजे सुमारें चार किलोमीटर मागें ठेवीत. गाड्या अवजड, रस्ते चिखलाचे. लढाई संपल्यावर मग सावकाश त्या पुढें सरकत. तोंपर्यंत जखमी शिपाई जेथें पडला तेथेंच पडून राही. एक दिवस जाई, कधीं दीड दिवस जाई. कोणी रक्त वाहून मरे, कोणी तहानेनें, कोणी रात्रीच्या थंडीनें. ज्यांचे सोबती दयाळू असत त्यांना ते उचलून मागें नेत, पण त्यामुळें एका जखमी माणसामागें अनेक धडधाकट माणसें रणांगण सोडून जात. गाड्या येऊन पोहोंचत तेव्हां पुष्कळांना वैद्याची गरजच उरलेली नसे.

ही व्यवस्था कोणाच्या दुष्टपणामुळें नव्हती, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. नियम होता, पूर्वापार चालत आला होता, आणि तो कोणास खटकत नव्हता. लारेस तो खटकला. त्याच सुमारास त्यानें फ्रेंच फौजेंतील घोडतोफखाना पाहिला. हलक्या गाड्यांवरील तोफा घोडे भरधाव ओढीत, आणि क्षणांत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत. लारेच्या मनांत आलें कीं, माणसें मारण्याचें साधन जर इतक्या वेगानें धांवूं शकतें, तर माणसें वांचविण्याचें साधन कां धांवूं नये? त्यानें आपली योजना सेनापतीपुढें मांडली व तीस मंजुरी मिळविली. या गाड्यांना त्यानें उडत्या रुग्णवाहिका असें नांव दिलें.

या योजनेस पूर्ण स्वरूप इ. स. १७९७ मध्यें इटलीच्या मोहिमेंत आलें. सुमारें ३४० माणसांचें एक पथक त्यानें उभारलें व त्याचे तीन विभाग केले. प्रत्येक विभागास बारा हलक्या गाड्या दिल्या. सपाट प्रदेशासाठीं दोन चाकांच्या गाड्या असत. त्यांना दोन घोडे जोडीत, व आंत दोन जखमी पाय लांब करून निजूं शकत. डोंगराळ मुलखासाठीं चार चाकांच्या मोठ्या गाड्या असत. गाडीस हवा येण्यास खिडक्या होत्या. तळाशीं चामड्यानें मढविलेली गादी होती, आणि ती एका चौकटीवर बसवून चौकटीस लहान चाकें लाविलेलीं होतीं, म्हणजे जखमी माणसास न हिसकतां आंत सरकवितां व बाहेर काढतां येई. पथकांत शस्त्रवैद्य होते, त्यांचे मदतनीस होते, पट्ट्या व हत्यारें वाहणारी माणसें होतीं, घोड्यांची निगा राखणारेही होते. आज आपण रस्त्यावरून भोंगा वाजवीत जाणारी रुग्णवाहिका पाहतों, तिची ही पूर्वज होय.

पण नुसती गाडी वेगानें पोहोंचून काय उपयोग? तेथें गेल्यावर प्रथम कोणाकडे पाहावयाचें? पूर्वीच्या प्रघाताप्रमाणें सरदार आधीं, अंमलदार मागून, आणि शिपाई सर्वांच्या शेवटीं. लारेनें हा क्रम मोडला. ज्याची जखम सर्वांत अधिक घातक त्यास प्रथम हात लावावयाचा, ज्यास थांबतां येईल त्यानें थांबावयाचें. मग तो सेनापति असो कीं नगारा वाजविणारा पोर असो, आपला असो कीं शत्रूकडील असो. आज जगांतील प्रत्येक मोठ्या रुग्णालयांत अपघात विभागाचें काम याच तत्त्वावर चालतें. म्हणून दवाखान्यांत आपल्या मागून आलेल्या रुग्णास डॉक्टरांनीं आधीं आंत घेतलें, तर रागावण्यापूर्वीं आपण लारेचें स्मरण करावें.

दुसरा मोठा वाद शस्त्रक्रियेच्या वेळेसंबंधीं होता. बंदुकीच्या गोळीनें हाताचा किंवा पायाचा चुराडा झाला तर तो अवयव कापावा लागे. जुन्या पंडितांपैकीं पुष्कळांचें मत असें होतें कीं, जखमी माणूस आधींच खचलेला असतो, त्याला कांहीं आठवडे सांवरूं द्यावें, मग शस्त्र चालवावें. लारेचा अनुभव याच्या उलट होता. त्यानें पाहिलें कीं, पहिल्या चोवीस तासांत कापलेले पुष्कळ जगतात आणि थांबलेल्यांपैकीं पुष्कळ मरतात. याचें कारण त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. आज तें आपणांस ठाऊक आहे. गोळी आपल्याबरोबर कपड्याच्या चिंध्या व माती जखमेंत खोल नेते. मेलेल्या मांसांत जंतु तासातासाला वाढत जातात, आणि एकदा तें विष रक्तांत भिनलें म्हणजे उपाय हातचा जातो. जंतूंचें हें शास्त्र लारेच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं प्रस्थापित झालें, आणि भूल देण्यासाठीं ईथरचा उपयोग जगास जाहीरपणें दिसला तो इ. स. १८४६ सालीं. म्हणजे लारेच्या हाताखालीं जे निजत, ते पूर्ण शुद्धीवर असत. अशा स्थितींत हात झपाट्यानें चालणें हीच दया होती. रशियावरील स्वारींत, इ. स. १८१२ च्या सप्टेंबर महिन्यांत बोरोदिनो येथें घनघोर लढाई झाली. तेव्हां चोवीस तासांत लारेनें सुमारें दोनशें अवयवच्छेद केले असें नमूद आहे.

नेपोलियनबरोबर तो इ. स. १७९८ मध्यें इजिप्त देशांत गेला. तेथील वाळूंत गाड्यांचीं चाकें रुतत. लारेनें गाड्यांचा हट्ट धरला नाहीं. त्यानें उंट मिळविले, प्रत्येक उंटाच्या दोन्ही बाजूंस एकेक लांब पेटी बांधली, व प्रत्येक पेटींत एकेक जखमी निजवून नेण्याची सोय केली. देश बदलला, वाहन बदललें. वेळ गमवावयाचा नाहीं हा नियम मात्र बदलला नाहीं.

इ. स. १८०९ च्या मे महिन्यांत व्हिएन्ना शहराजवळ एसलिंग येथें लढाई झाली. डॅन्यूब नदीला पूर येऊन पूल वाहून गेले, आणि हजारों जखमी लोबाउ नांवाच्या बेटावर अडकून पडले. अन्न नाहीं, भांडीं नाहींत, मीठ नाहीं. लारेनें घोडे मारविले, घोडेस्वारांच्या छातीवरील लोखंडी कवचांत त्यांच्या मांसाचा रस्सा शिजविला, व मिठाच्या जागीं बंदुकीची दारू घालून तो जखमींस पाजला. त्याच लढाईंत मार्शल लान या शूर सरदाराचे गुडघे तोफेच्या गोळ्यानें फुटले. लान हा लारेचा स्नेही होता. लारेनें त्याचा एक पाय तत्काळ कापला, पण कांहीं दिवसांनीं लान मरण पावला. त्वरा केली म्हणजे प्रत्येक जीव वांचतोच असें नाहीं. परंतु जे वांचण्याजोगे आहेत ते उशिरामुळें जाऊं नयेत, एवढें माणसाच्या हातीं आहे.

या ठिकाणीं लारेची एक चूकही सांगितली पाहिजे, नाहींतर चरित्र खरें होणार नाहीं. इ. स. १८०७ च्या फेब्रुवारींत आयलाउ येथील हिमांत त्यानें पाहिलें कीं, थंडीनें गोठलेले हातपाय घेऊन जे शिपाई शेकोटीजवळ बसतात, त्यांचे अवयव सडतात. बधिर झालेल्या कातडीस चटका कळत नाहीं, म्हणून पेटत्या आगीपासून दूर राहा हें त्याचें सांगणें योग्य होतें. परंतु गोठलेला भाग बर्फानें चोळावा, हाही उपदेश त्यानें केला, आणि त्याच्या मोठ्या नांवामुळें तो सुमारें दीडशें वर्षें पाळला गेला. आतां सिद्ध झालें आहे कीं, चोळल्यानें इजा वाढते. कोमट पाण्यांत तो भाग हळूच बुडवून ठेवणें हाच योग्य उपाय होय. त्वरेबरोबर खरें ज्ञानही पाहिजे, आणि मोठ्या माणसाचा शब्दही तपासून घेतला पाहिजे, हा बोध यांतून निघतो.

लारेचें शिपायांवर किती प्रेम होतें, व शिपायांचें त्याच्यावर किती होतें, याचे दोन दाखले देतों. रशियाहून परततांना, इ. स. १८१२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस, बेरेझिना नदीच्या पुलावर भयंकर गर्दी उसळली. माणसें एकमेकांना तुडवीत होतीं. मागें राहिलेल्या जखमींसाठीं व हत्यारांसाठीं लारे त्या गर्दींत सांपडला. तेव्हां शिपायांनीं त्यास ओळखलें, डोक्यावर उचललें, आणि हातोहात पुढें सरकवीत पलीकडे सुखरूप पोहोंचविलें. जे स्वतःच्या जिवासाठीं आकांत करीत होते, त्यांनींच हें केलें.

दुसरा दाखला इ. स. १८१३ चा. सॅक्सनींतील लढायांनंतर बोटांना व हातांना जखमा झालेले दोन हजारांहून अधिक तरुण रंगरूट आढळले. लढाई चुकविण्यासाठीं यांनीं स्वतःच गोळ्या मारून घेतल्या, असा वरिष्ठांना संशय आला, आणि अशा अपराधास शिक्षा मृत्यूची होती. खुद्द बादशहाचा ग्रह तसाच झाला होता. चौकशीचें काम लारेकडे आलें. त्यानें एकेक हात तपासला, व निर्भयपणें कळविलें कीं, हीं मुलें निर्दोष आहेत. कवाईत न शिकलेल्या मागच्या रांगांनीं पुढच्या रांगांच्या डोक्यांवरून गोळ्या झाडल्या, त्यामुळें या जखमा झाल्या आहेत. बादशहाची इतराजी पत्करून त्यानें खरें तें सांगितलें. नेपोलियननें रागावण्याऐवजीं त्याचा गौरव केला व त्यास पेन्शन बांधून दिलें. शस्त्र न उचलतां एका अहवालानें इतके जीव वांचविणारा वैद्य विरळा.

इ. स. १८१५ च्या जून महिन्याच्या १८ तारखेस वॉटर्लू येथें नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. असें सांगतात कीं, इंग्रज सेनापति वेलिंग्टन यानें दुरून लारेची रुग्णवाहिका पाहिली, आणि त्या बाजूस तोफा न डागण्याचा हुकूम दिला. त्या रात्रीं लारे जखमी होऊन प्रशियन शिपायांच्या हातीं सांपडला, व त्यास गोळी घालून ठार करण्याचें ठरलें. इतक्यांत एका प्रशियन शस्त्रवैद्यानें त्यास ओळखलें, कारण पूर्वीं बर्लिन येथें त्यानें लारेचीं व्याख्यानें ऐकिलीं होतीं. प्रशियन सेनापति ब्ल्यूखर याच्यापुढें लारेस नेण्यांत आलें. ब्ल्यूखरच्या मुलाचे प्राण एका लढाईनंतर लारेनेंच वांचविलेले होते. शत्रूच्या मुलावर केलेला उपकार असा परत फिरून आला.

नेपोलियन इ. स. १८२१ मध्यें सेंट हेलिना बेटावर कैदेंत वारला. त्यानें आपल्या मृत्युपत्रांत लारेस एक लाख फ्रँक ठेविले, आणि आपण पाहिलेल्या मनुष्यांत हा सर्वांत सद्गुणी होय, अशा अर्थाचा उल्लेख केला. लारे त्यानंतर एकवीस वर्षें जगला. त्यानें आपल्या मोहिमांचे अनुभव ग्रंथरूपानें लिहिले, पॅरिसमध्यें वृद्ध व जखमी सैनिकांसाठीं असलेल्या इन्व्हॅलिड या संस्थेंत मुख्य शस्त्रवैद्याचें काम केलें, आणि इ. स. १८४२ सालीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, अल्जीरियांतील लष्करी रुग्णालयें तपासण्याची कामगिरी पत्करली. त्याचा मुलगा इपोलित, जो स्वतः नामांकित शस्त्रवैद्य झाला, त्याच्याबरोबर होता. परततांना लारेस फुप्फुसाचा दाह झाला, आणि त्याच वर्षीं जुलैच्या २५ तारखेस लिआँ शहरीं त्याचा अंत झाला. त्याची पत्नी त्याच्या आधीं थोडेच दिवस निवर्तली होती. इन्व्हॅलिडच्या आवारांत, आपल्या शिपायांजवळ, आपणांस पुरावें अशी त्याची इच्छा होती. ती त्या वेळीं मान्य झाली नाहीं. दीडशें वर्षांनीं, इ. स. १९९२ मध्यें, त्याच्या अस्थि तेथें नेण्यांत आल्या. जो आयुष्यभर वेळेवर धांवला, त्याला न्याय मात्र इतक्या उशिरानें मिळाला.

मुलांनो, लारेचें युद्ध संपून दोनशें वर्षें होऊन गेलीं, पण चार किलोमीटर मागें उभी असलेली ती गाडी अजून आपल्या मनांत उभी आहे. अपघात झाला कीं आपण भोंवतीं जमतों, आणि दुसरा कोणी कांहींतरी करील म्हणून थांबतों. प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. मोठी धमनी तुटली तर कांहीं मिनिटांतच मरण ओढवूं शकतें. तेव्हां स्वच्छ कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबा, व पुनःपुन्हां उचलून पाहूं नका. भाजलेल्या जागेवर शाई, तूप कांहीं न लावतां साधें गार पाणी वीस मिनिटें सोडा. साप चावल्यास कापणें, चोखणें, दोरी आवळणें यांत वेळ दवडूं नका. चावलेला अवयव हलूं न देतां थेट रुग्णालय गांठा. एखाद्याचें तोंड अचानक वांकडें झालें, एक हात लुळा पडला किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर तो अर्धांगाचा झटका समजून त्याच क्षणीं निघा. उद्यां सकाळीं पाहूं म्हणूं नका. छातींत दाबल्यासारखी कळ येऊन घाम सुटला, तरी तेंच करा. मेंदूच्या व हृदयाच्या पेशी घड्याळाकडे पाहून थांबत नाहींत.

पालकांसही आमची एक विनंति आहे. महाराष्ट्रांत इ. स. २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्याची सोय आहे. हा क्रमांक घरांतील लहानांतल्या लहानासही पाठ असावा. रस्त्यावर पडलेल्या माणसास हात लाविला तर पोलिसांचें लचांड मागें लागेल, ही भीति पुष्कळांस वाटते. परंतु इ. स. २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा मदत करणारांस संरक्षण दिलें, आणि इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनें तें मोटार वाहन कायद्यांतही आलें. त्या कायद्यांत अशा माणसास जें इंग्रजी नांव आहे, तें आमच्या शास्त्रांतील चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतावरून घेतलेलें आहे. त्या दृष्टांतांत जखमी माणसास पाहून दोघे जण रस्त्याच्या पलीकडून निघून गेले, आणि एक थांबला. पाहिलें तिघांनींही होतें.

आमच्या शाळेच्या शिपाईबुवांनीं लारेचें नांव कधीं ऐकिलें नसेल. तरी त्या दिवशीं पटांगणावर लारेचा खरा शिष्य कोण होता, हें आम्हांस पुरतें कळून चुकलें आहे. पुढच्या वेळीं तो मान आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणीं तरी मिळवावा, एवढीच इच्छा धरून आम्ही हा लेख पुरा करतों.